सोडलेला भात

ग्रीसच्या क्रीट बेटावर नोकरीला गेलेला संग्राम महिनाभर फोन उचलत नव्हता. "आई, इथे स्वस्तात पोटभर जेवण, वर गाणं फुकट," असं ज्या खानावळीचं कौतुक तो करायचा, तिथली रात्रीची मैफल इंटरनेटवर थेट दिसायची. न्यूझीलंडमधल्या मनुरेवात लेक ममताकडे राहणाऱ्या सरोजताई रोज सकाळी त्यातलं एकेक टेबल न्याहाळायच्या. पोरगा सुखरूप दिसेपर्यंत त्यांनी भात सोडला होता.

आज तो दिसला. त्यांनी लगेच फोन लावला. पडद्यावर संग्रामने मोबाइलकडे पाहिलं, तो टेबलावर पालथा ठेवला आणि गाण्याला टाळ्या वाजवू लागला.


ममता उठली आणि तिने भाताचा कुकर लावला.