पाळण्याची कडी

सातवा महिना लागला तसं तिला ऑनलाइन खरेदीचं वेडच लागलं. मोजे झाले, दुपटी झाली, अंघोळीच्या पाण्यात सोडायचा थर्मामीटरसुद्धा झाला. तिच्या नवऱ्याने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. आज पाळण्यापाशी मात्र तो अडून बसला.

"हा नको. दुसरा कुठलाही घे," ओट्याशी भांडी घासता घासता तो म्हणाला.

"का पण? किती गोड आहे!"

"त्याची कडी निसटते."

"चार पोरं वाढवल्यासारखा बोलतोस!" ती हसली. "नऊशे लोकांनी पाच तारे दिलेत, ते सगळे काय खुळे आहेत? आण तुझा फोन, तुझ्या खात्यावर सवलत मिळते."

त्याचे हात साबणाने भरले होते. तो "थांब" म्हणेपर्यंत तिने त्याच्या खिशातून फोन काढून पाळणा उघडलाही, आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक अभिप्राय वाचायला लागली. दणकट आहे. बाळ शांत झोपतं. मग तळाशी एकच तारा दिसला, सहा वर्षांपूर्वीचा.

"आलाच एक कुचकट," म्हणत तिने तोही वाचला.

"कडी आपोआप निसटते. आम्ही शेजारच्याच खोलीत होतो. हात जोडतो, घेऊ नका."

नळ तसाच वाहत होता, भांड्यांचा आवाज मात्र थांबला होता.

तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. त्या एकाच अभिप्रायाखाली, फक्त लिहिणाऱ्याला दिसतात अशी दोन बटणं होती: 'बदला' आणि 'काढून टाका'.