हक्काची पोर

सुपारी फुटायला घटकाभर अवकाश होता. यमुनाची नणंद सगळ्यांना आपल्या घरी बोलावून मुलासाठी यमुनाच्या लेकीला मागणी घालून बसली होती. "मामाची पोर, हक्काचीच," म्हणत नणंदेचे यजमान मिशीवर हात फिरवत होते. त्यांच्या खिल्लार वळूंचा तालुक्यात दबदबा होता. यमुनाही आतेभावालाच दिलेली. तिची पहिली दोन मुलं जन्मतःच बहिरी निघाली, तेव्हा "हिची कूसच नासकी," म्हणणारे हेच दाजी.

इतक्यात दाजींचा शेजारी आपली कालवड त्यांच्या थोरल्या वळूला लावायला घेऊन अंगणात आला. दाजी उखडले. "आरं, ही ह्याच वळूची लेक! रक्तातल्या रक्तात लावलीस तर वासरू अधू निपजंल. परगावचा वळू बघ."

यमुनाला चटका बसला. वीस वर्षं तिने दोष एकटीनेच पोटात वागवला होता. आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं!

"दाजी, कालवडीला जपता, मग माझ्या लेकीला का नाही?"

"माणसाचं येगळं असतंय," दाजी हसले.

"खरंय. जनावर बाजारात विकायचं असतं, म्हणून तिथं तुमची अक्कल चालते."

तिने सुपारीचं ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं. नवरा "बस खाली" म्हणून दटावत होता. त्याच्याकडे न बघताच ती लेकीला म्हणाली, "चपला घाल गं."