चार कॅन खारं पाणी

परीक्षेची ड्यूटी संपवून अंकुर घरी आला, तर हॉलमधल्या समुद्री माशांच्या टाकीचा पंप चालू होता. सकाळी तो स्वतः बंद करून गेला होता.

बूट न काढताच त्याने टाकीखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत काचेची दुसरी टाकी होती, कालच बसवलेली, आधीच्या दुप्पट मोठी. वरचं पाणी पाइपने हिच्यात उतरायचं आणि गाळून पुन्हा वर चढायचं. जुना पाइप बारीक, सारखा चोंदायचा. दोनदा तर त्याने हॉलभर तळं केलं होतं. म्हणून अंकुरने सुट्टीच्या दिवशी करवतीने हात सोलून घेत जाड पाइप जोडले होते. काम झक्कास झालं होतं, कुठे थेंबभर गळत नव्हतं. फक्त मोठ्या टाकीला पाणी जास्त लागणार होतं, आणि ते तयार करायचं खास मीठ अकोल्यात मिळत नाही. मुंबईहून त्याचं पार्सल परवा येणार होतं. तोवर पंप बंद आणि ही खालची टाकी अर्धी रिकामी राहायला हवी होती.

ती काठोकाठ भरली होती.

"पाह्य, कसं मस्त चालू झालं!" सोफ्यावरून खुशालराव म्हणाले. अंकुरचे वडील दुपारीच गावाहून आले होते. त्यांच्या पायाशी निळे चार कॅन होते, रिकामे.

"बाबा, हे पानी कुठचं?"

"आपल्या वावरातल्या हिरीचं. तूच फोनवर म्हने ना, खारं पानी कमी पडून राह्यलं. म्हनलं, खाऱ्या पान्याची काय कमी हाय आपल्याकडं? दुधाच्या गाडीत टाकून आनलं."

पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं खारं पाणी पिण्यातच ज्याची हयात गेली, त्याला मीठ मागवून खारं पाणी करणं हा शुद्ध येडपटपणाच वाटणार. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"अन् तसंच नाई ओतलं," खुशालराव कौतुकाच्या अपेक्षेने पुढे सरसावले. "पह्यले तुह्या टाकीतलं जिभेवर घेऊन पाह्यलं, मंग आपलं. आपलं जरासं कमी हाय, पन खारंच हाय."

श्रावणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मला वाटलं, मामाजींना तुम्हीच सांगितलं असेल," सासऱ्यांकडे बघत ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

अंकुरने मापकाच्या काचेवर पाण्याचा थेंब घेऊन खारेपणा मोजला. पुसून पुन्हा मोजला. आकडा पार खाली आला होता. चार वर्षं त्याने टाकीतली ही प्रवाळं नखाएवढ्या तुकड्यांपासून वाढवली होती. एरवी या वेळी ती पूर्ण उमललेली असायची. आता सगळी मिटली होती, आणि कडेच्या जांभळ्या प्रवाळावरून चिकट धागे सुटायला लागले होते. लाल पट्ट्यांची कोळंबी वाळूवर आडवी पडून पाय झाडत होती.

ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण खुशालराव एव्हाना उठून त्याच्या शेजारी आले होते आणि काचेला नाक लावून त्या कोळंबीकडेच बघत होते. त्यांचा चेहरा बघून त्याच्याने ओरडवलं नाही.

"काहून तडफडून राह्यली ते?"

"पानी सोसलं नाई तिले."

"मरते काय?"

"मासे वाचतीन कदाचित. बाकीचं नाई वाचत."

"घरातलं मीठ टाकून पाह्यतं काय?" खुशालरावांनी श्रावणीकडे वळूनही पाहिलं, ती आता बरणी आणेल म्हणून.

"ते नाई चालत, बाबा."

"मंग आता?"

"पानी बदलवा लागते. आत्ताच्या आत्ता."

"मंग बदलव ना, लेका! बसला काहून?"

"दुसरं पानीच नाई ना आपल्यापाशी."

अंकुरने पंप बंद केला, मग पुन्हा चालू केला. दोन्ही सारखंच होतं. कोळंबीचे पाय थांबले. श्रावणीने रिकामे कॅन उचलून बाल्कनीत नेऊन ठेवले.

खुशालराव सोफ्याच्या कडेवर टेकले. त्यांची नजर अजून काचेवरच होती.

"तुह्या मायच्या किडन्या गेल्या तवा डाक्टरबी हेच सांगे," ते म्हणाले. "पानी बदला म्हने."