बाहेरची दोरी

वॉशिंग मशीननं टिंग टिंग केलं आणि लाँड्रीवाली बाह्या सरसावून उठली. समोरच्या कारखान्याचा सडका वास कपड्यांना लागू नये म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे ती कायम खिडक्या लावून घरातच वाळवायची. आज मात्र त्याच कारखान्याच्या साहेबांच्या घरचे कपडे तिनं बादलीत कोंबले आणि थेट गच्चीवर नेले.

सासूबाई जिन्यातून ओरडल्या, "अगं, डोकं फिरलंय का तुझं? धुराड्याच्या तोंडाशी वाळत घालतेस? गिऱ्हाईक हातचं जाईल!"

"जाऊ दे! वासानं कुणी मरत नाही, हळूहळू सवय होते, असं साहेब तोंडावर म्हणाले ना मला? पाच वर्षं झाली, माझ्या लेकीला नाही झाली सवय. आता डॉक्टर म्हणतात, हिची छाती जन्मभर अशीच राहणार. साहेबांनाही कळू दे, सवय कशी होते ती."

साहेबांचा एकेक शर्ट ती असा झटकत होती, जणू त्यांच्याच कानाखाली वाजवतेय. दम लागला तरी हौसेनं मागोमाग वर आलेली लेक तिला चिमटे देत होती. शर्ट संपले तशी लेकीनं बादलीच्या तळातून तळहाताएवढं टोपडं काढलं, आईसारखंच झटकलं आणि तिच्यापुढे धरलं.



"आई, आता या बाळालापण शाळेत पळू देणार नाहीत का गं?"