खबरदारी

कोट्यातल्या कोचिंगच्या दर रविवारच्या चाचणीआधी निकुंजच्या छातीत धडधडायला लागायचं आणि घामानं हातातलं पेन निसटायचं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हृदयात काही दोष नाही. धास्ती घेतलीयस. कुणाशी तरी बोल." वसतिगृहाच्या जिन्यात 'मनातलं बोला' अशी पाटी होतीच. मे महिन्यातल्या एका दुपारी धीर करून तो वॉर्डन सोलंकी अंकलकडे गेला आणि सगळं बोलून मोकळा झाला.

अंकलनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तासाभरात वायरमन शिडी घेऊन आला आणि निकुंजच्या खोलीतला पंखा उतरवून घेऊन गेला.

"अंकल, मला जगायचंय. म्हणून तर सांगायला आलो ना?"

"आम्हालाही तू जिवंतच हवायस, बेटा. या खोलीतला आधीचा पोरगा काही बोललाच नव्हता. तू निदान बोललास तरी. खिडकी उघडी टाक, वारा येतो."

पारा सेहेचाळीसवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मुलं कचोरी खात असताना अंकल मेसच्या दारात उभे राहिले.

"आणखी कुणाला धडधडतं का रे? लाजू नका, मोकळेपणानं सांगा."



सव्वाशे मुलांनी निकुंजच्या घामानं चिंब झालेल्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि अख्ख्या वसतिगृहात दुसऱ्या कुणाचंही काळीज धडधडत नसल्याचं निष्पन्न झालं.