काळ्या कागदातले खुशालराव

"हे पाह्य, खुशालराव पाटील," म्हणत सूर्यभाननं रुमालाची घडी उलगडली आणि आतला काळा कागद बहिणीपुढं धरला.

गोदाबाई अंजनगावच्या घराच्या अंगणात मिरच्या निवडत बसली होती. तिनं पदराला हात पुसून कागद घेतला. माणसाच्या चेहऱ्यासारखा कातरलेला होता तो. एका बाजूनं दिसणारा चेहरा. पगडी, सरळ नाक, मिशीचं टोक, जराशी पुढं आलेली हनुवटी. डोळा नाही, तोंड नाही, नुसती सावली.

"अमरावतीत कापूस घ्याले साहेब आला हाये एक. मानसाले समोर बसवते अन् पाह्यता पाह्यता कात्रीनं असा कातरून देते. वलगावचे मोठे कापूसवाले हायेत पाटील. बायको वारली. पाट लावाले तयार हायेत."

नवरा गेल्यापासून गोदाबाई भावाकडंच होती. असं स्थळ पुन्हा चालून येणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"एवढे काळे हायेत?"

सूर्यभान हसला. "कागद काळा हाये, गोदा. मानूस गोरागोमटा."

तिनं कागद पालथा केला. चेहरा आता दुसरीकडं पाहू लागला. तेच नाक, तीच हनुवटी.

"इकूनबी असेच दिसतेत काय, दादा?"

सूर्यभान मिरच्यांकडं पाहू लागला.

सूर्यभानला घेऊन आलेल्या गाडीजवळ, कुडाबाहेर उभ्या असलेल्या माणसानं हे ऐकलं असावं. कवाड वाजलं आणि खुशालराव आत आले. उजवा गाल तिच्याकडं करून ते जरा तिरके उभे राहिले. चारचौघांत ते तसेच उभे राहत. मग सावकाश त्यांनी डावी बाजू तिच्याकडं वळवली. देवीचे व्रण दोन्ही गालांवर होते, पण इकडं डोळाच नव्हता. नुसती मिटलेली खाच.

"लहानपनी देवी निघाल्या, तवा गेला," ते म्हणाले. "कागदात दिसत नाई, म्हनून पाठवला."

"मंग आता काहून दाखोता?"

"तुमी पलटून पाह्यलं म्हनून."

सूर्यभान काही बोलायला गेला. गोदाबाईनं हातानंच त्याला थांबवलं. ती त्या मिटल्या डोळ्याकडं बराच वेळ पाहत राहिली. खुशालरावांनी मान वळवली नाही.

"गाडी कोन हाकते तुमची?"

"मीच."

"डाव्या अंगचं दिसते?"

"नाई. अंदाजानं हाकतो."

गोदाबाईनं मिरच्यांचं सूप भावाकडं सरकवलं आणि ती उठली.

"मंग त्या बाजूले मी बसत जाईन."