चुना

सर्जनसाहेबांनी पडद्यावर आईचे हृदय दाखवले. आतल्या गाठीत पांढरे ठिपके चकाकत होते. “गाठ साधी आहे, काढून टाकू. तिच्यात कॅल्शियम साचलंय, चुनाच म्हणा.” माझ्या खिशातली गोळ्यांची डबी एकाएकी जड झाली. आईच्या गुडघ्यांसाठी कॅल्शियमची गोळी रोज मीच तिच्या तळहातावर ठेवत होतो. चाचरत विचारले. “छे, गोळ्यांचा काय संबंध?” ते म्हणाले. “गाठीत आतल्या आत रक्त झिरपतं, तेवढा भाग मरतो आणि मेलेल्या जागी चुना बसत जातो.” शब्द कळले, मन गोंधळलेलेच राहिले. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आईला डॉक्टरांचे बोलणे सांगताना हात सारखा खिशातल्या डबीकडे जात होता. “गोळ्यांचं मनाला लावून घेतलंस ना, वेड्या?” ती स्ट्रेचरवरून हसली. “एकही गिळली नाही मी. सगळ्या खिडकीतल्या कुंडीत टाकल्या. चुना लावला तुला!” दार मिटले. मग आठवले, आमच्या खिडकीत कुंडी कधी नव्हतीच.